मालकीच्या रचनेमुळे उदयोन्मुख शेअर बाजारात माहिती अडते का?

हो, बऱ्याचदा अडते. या, म्हणजे अजून विकसित होत असलेल्या देशांतल्या, बाजारांत अनेक मोठ्या कंपन्या एखाद्या कुटुंबाच्या, उद्योगसमूहाच्या किंवा सरकारच्या ताब्यात असतात. ताबा असणाऱ्याला आतली खबर बैठकीतच कळते, ती बाहेर सांगायची त्याला घाई नसते.

खरी गोम साखळीत आहे. समजा, एका कुटुंबाकडे 'अ' कंपनीचे ५१ टक्के शेअर आहेत, 'अ'कडे 'ब'चे ५१ टक्के आणि 'ब'कडे 'क'चे ५१ टक्के. 'क'मध्ये शब्द कुटुंबाचाच चालतो, पण नफ्यातला त्यांचा वाटा जेमतेम १३ टक्के. मग स्वस्त कर्ज किंवा चढ्या भावाची खरेदी दाखवून 'क'चा पैसा 'अ'कडे वळवायचा मोह होतो, आणि तसं केलं की हिशेब धूसर ठेवणंच सोयीचं पडतं. लोकही मग जाहीर नफ्यावर फारसा विश्वास टाकत नाहीत. पूर्व आशियातल्या सात अर्थव्यवस्थांवरच्या फॅन आणि वाँग या संशोधकांच्या २००२ च्या अभ्यासात हेच दिसलं.

कंपनीची स्वतःची बातमी भावात कमी उतरली, की शेअर नुसते बाजाराच्या लाटेबरोबर वरखाली होतात.

मोठा मालक म्हणजे वाईटच, असं मात्र मी म्हणणार नाही. त्याचा स्वतःचा पैसा खोलवर गुंतला असेल तर तो व्यवस्थापनावर नीट लक्षही ठेवतो. म्हणून ताबा आणि वाटा यांतली दरी बघा. वार्षिक अहवाल हाती आला की मी आधी संबंधित पक्षांशी, म्हणजे मालकाशी किंवा त्याच्या इतर कंपन्यांशी, झालेले व्यवहार वाचतो, नफ्याचं पान नंतर.