ओव्हरक्लॉक केल्याने कॉम्प्युटर जळतो का? 65 हजारात घरच्या पीसीसाठी पार्ट्स कोणते घ्यावेत?

नाही जळत. हे आधी सांगून टाकतो, बाकीचं मग. तुम्ही विचारलंय की 65 हजारात घरीच पीसी जोडायचाय, माफक ओव्हरक्लॉक करायचंय, म्हणजे प्रोसेसर कंपनीने दिलेल्या स्पीडच्या वर चालवायचाय, तर इंटेलचा के वाला (नावाच्या शेवटी K असलेला, स्पीड वाढवता येणारा) आय5 घ्यावा की रायझन 5, आणि खाली लिहिलंय की घरचे म्हणतात ओव्हरक्लॉक केलं की मशीन जळते. मी लिहायला बसलोय ते त्या खालच्या ओळीमुळे, कारण आमच्याकडे या एका वाक्यावरून भाऊजींचं आणि माझं अजूनही मिटलेलं नाही.

प्रोसेसरचं पटकन सांगतो. रायझन 5 5600 घ्या. रायझनमध्ये जवळपास सगळे प्रोसेसर अनलॉक्ड, म्हणजे स्पीड वाढवता येणारे, येतात आणि बी550 मदरबोर्डवर ओव्हरक्लॉक होतं. इंटेलमध्ये के वाला प्रोसेसर पण लागतो आणि झेड सिरीजचा बोर्ड पण लागतो, इंटेलच्याच स्वस्तातल्या बी760 बोर्डवर रॅमचा स्पीड वाढवता येतो पण प्रोसेसरचा मल्टिप्लायर, म्हणजे स्पीड ठरवणारा आकडा, हलत नाही, म्हणजे 65 हजारातले बरेच पैसे तिथेच गेले. एएम5 या नव्या सॉकेटवरचा रायझन 5 7600 जमला तर उत्तमच, पण त्याला बोर्ड आणि डीडीआर5 रॅम दोन्ही महाग पडतात.

आता भाऊजी. 2022 च्या दिवाळीत भाच्यासाठी मशीन करायची ठरली, ताई अमरावतीला असते, भाचा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. मी लिस्ट करून दिली: 5600, बी550 बोर्ड, आरएक्स 6600 ग्राफिक्स कार्ड, 16-16 जीबीच्या दोन रॅम, टॉवर कूलर, आणि चांगल्या कंपनीचा 550 वॅटचा 80 प्लस ब्रॉन्झ (कमी वीज वाया घालवण्याचा दाखला) एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. दुकानात भाऊजी स्वतः गेले, भाव करायला. दुकानदार म्हणाला साहेब कॅबिनेटसोबत 500 वॅटचा एसएमपीएस फ्री येतोय, वेगळा कशाला घेता, आणि भाऊजींनी लिस्टमधली तेवढी एक ओळ कापली. मला कोणी काही बोललं नाही. मशीन दुकानातूनच जोडून आली, एसएमपीएस कॅबिनेटमध्ये खालच्या पत्र्याआड असतो त्यामुळे काचेतून दिसायचा प्रश्नच नाही. मी नंतर जाऊन फक्त बायोसमध्ये (बोर्डच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) सेटिंग केली, पीबीओ म्हणजे एएमडीचं स्वतःचं ओव्हरक्लॉक चालू, पॉवर लिमिट थोडी वर, कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे व्होल्टेज कमी करायची सेटिंग, मायनसमध्ये. एवढंच.

हिवाळा मस्त गेला. मे महिन्यात भाच्याचा फोन, मामा, 4के एक्सपोर्ट लावला की मशीन खटकन बंद होते. मागून भाऊजींचा आवाज येतोय, कंपनीने जेवढा स्पीड दिला तेवढाच ठेवायचा असतो, कंपनीवाल्यांना काय अक्कल नाही का. पुढच्याच आठवड्यात घरचं एक लग्न होतं, तिथे पंगतीत चार पाहुण्यांसमोर म्हणाले, आमच्या साळेबुवांनी पोराची मशीन जाळली. जळाली कुठे होती? बंद पडत होती. हा फरक त्यांना आजही मान्य नाही.

लग्नावरून मी सरळ अमरावतीला गेलो, मल्टीमीटर घेऊन. पहिलं काम म्हणजे बायोस डिफॉल्टवर नेलं, म्हणजे ओव्हरक्लॉक शून्य, आणि तोच एक्सपोर्ट लावला. तरी बंद. खरं तर इथेच विषय संपायला पाहिजे होता. आणि बंद कशी होत होती तेही बघा, ब्लू स्क्रीन नाही, हँग नाही, प्लग ओढल्यासारखी एकदम मेली. ओव्हरक्लॉक कच्चं असेल तर ब्लू स्क्रीन येते, मशीन आपोआप रीस्टार्ट होते, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यू-एच-ई-ए (हार्डवेअर बिघाडाच्या) एरर दिसतात. प्लग ओढल्यासारखी गेली की आधी वीज तपासायची.

मग मोलेक्सच्या, म्हणजे एसएमपीएसमधून येणाऱ्या चार तारांच्या प्लगच्या, पिवळ्या आणि काळ्या वायरवर मीटर लावला. नुसता डेस्कटॉप असताना 11.7 व्होल्ट. एक्सपोर्ट सुरू केला तर आकडा भाच्याच्या डोळ्यासमोर खाली घसरत 11.1 वर आला आणि मशीन गेली. 12 व्होल्टच्या लाइनला पाच टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे 11.4 च्या खाली यायलाच नको. पत्रा काढला, एसएमपीएस बाहेर काढला, उचलताच कळलं, रिकाम्या डब्यासारखा हलका. स्टिकरवर मोठ्या अक्षरात 500 वॅट, आणि खालच्या बारीक कोष्टकात 12 व्होल्टसमोर 16 अँपिअर. 12 गुणिले 16 म्हणजे 192 वॅट. बाकीचे वॅट 3.3 आणि 5 व्होल्टवर दाखवलेले, जे आजच्या मशीनमध्ये फारसे लागतच नाहीत. आता हिशोब करा. 5600 डिफॉल्टवर सुद्धा 76 वॅटपर्यंत खेचतो, आरएक्स 6600 चं रेटिंग 132 वॅट. झाले 208. बोर्ड, फॅन, हार्ड डिस्क अजून धरलेच नाहीत. कुठून चालणार?

संध्याकाळी मी लिस्टमधला तोच एसएमपीएस आणला, सगळी जुनी सेटिंग परत लावली, रात्रभर एक्सपोर्ट चालवला. एकदाही बंद नाही. सकाळी भाऊजी म्हणतात, रात्री गारवा होता म्हणून चालली. अमरावतीत, मे महिन्यात! मी दुपारी परत लावून दाखवला, प्रोसेसर 80 च्या आसपास होता, 5600 ची मर्यादा 90 आहे, आणि मर्यादेला टेकला तर तो आधी स्वतःच स्पीड कमी करतो. त्यावर त्यांनी व्हॉट्सॲपवर आलेली बातमी काढली, तेव्हा रायझन 7000 मधले एक्स3डी प्रोसेसर जळाल्याच्या बातम्या ताज्या होत्या. तिथे झालं होतं काय, तर काही बोर्ड रॅमचं एक्स्पो प्रोफाइल (रॅमचा स्पीड वाढवणारी तयार सेटिंग) लावल्यावर एसओसी व्होल्टेज, म्हणजे प्रोसेसरच्याच एका भागाचं व्होल्टेज, वाटेल तेवढं वर नेत होते, एएमडीने नंतर बायोसमधून ते 1.3 व्होल्टवर बांधून टाकलं. म्हणजे दोष बेसुमार व्होल्टेजचा. आणि उलटं उदाहरण पाहिजे तर इंटेलची 13 वी आणि 14 वी जनरेशन घ्या, ज्यांनी काही छेडलंच नव्हतं अशा लोकांचेही प्रोसेसर खराब झाले, ऑगस्ट 2024 मध्ये कंपनीला मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट द्यावं लागलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. कंपनीने दिलेला स्पीड ठेवा म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

तर पार्ट्स. माफक ओव्हरक्लॉक करायचं असेल तर प्रोसेसरवरचे दोन-तीन हजार वाचवा आणि एसएमपीएस, बोर्ड, कूलर यात घाला. एसएमपीएस घेताना वरचा वॅटचा आकडा बघूच नका, 12 व्होल्टसमोर किती अँपिअर आहेत ते बघा, 550 वॅटच्या चांगल्या युनिटमध्ये ते 40 च्या वर असतात. फ्री मिळालेला एसएमपीएस दुकानातच ठेवून या. बोर्ड ए520 चा चुकूनही नको, त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतच नाही. बी550 घेताना व्हीआरएमवर, म्हणजे बोर्डवरून प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर, ॲल्युमिनियमचा हीटसिंक आहे का ते डोळ्याने बघा, आरजीबी लाइट गेले खड्ड्यात. रॅम एकाच किटमधल्या दोन, डीडीआर4 3600, तेवढ्यावर इन्फिनिटी फॅब्रिक, म्हणजे प्रोसेसरच्या आतली जोडणी, रॅमच्या स्पीडशी एकास एक चालतं, त्याच्या वर पैसे घालवू नका.

कूलरचं मात्र नीट ऐका, कारण रिव्ह्यूवाले एसीमध्ये बसून टेस्ट करतात. त्यांची खोली 22-23 डिग्री, आपल्या विदर्भात दुपारी खोली 38. खोली जेवढी तापते साधारण तेवढाच प्रोसेसर वर जातो, म्हणजे त्यांचे 70 आपल्याकडे 85. 5600 सोबत जो छोटा कूलर येतो तो इथे मे महिन्यात पुरत नाही. 120 एमएमचा सिंगल टॉवर पुरे, डीपकूल एजी400 सारखा, लिक्विडची गरज नाही. कॅबिनेट समोरून जाळीचं. आणि खोलीतल्या वाळ्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर मारू नका, खोली गार होते तेवढं बास, ओली हवा आत नको.

स्पीडची अपेक्षा पण माफक ठेवा. 2011 मध्ये 2500के आला तेव्हा 3.3 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर लोक आरामात 4.5 वर चालवायचे, ते दिवस गेले. 5600 चा बूस्ट मुळात 4.4 आहे, पीबीओमधून जास्तीत जास्त 200 मेगाहर्ट्झ मागता येतात. खरा फायदा कर्व्ह ऑप्टिमायझरचा, कमी व्होल्टेजवर तेवढाच किंवा जरा जास्त स्पीड. मायनस 10 पासून सुरू करा, ओसीसीटी आणि मेमटेस्ट ही मशीन तपासायची सॉफ्टवेअर रात्रभर चालवा, मगच पुढे जा. मॅन्युअल व्होल्टेजच्या नादी लागू नका.

दोन गोष्टी राहिल्या. ओव्हरक्लॉकमुळे नुकसान झालं तर एएमडी वॉरंटी देत नाही, पीबीओ पण त्यातच धरतात, हे माहीत असू द्या. आणि घरी इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचाच पाहिजे. चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट खेचणारं सर्किट) असतं, स्क्वेअर वेव्हवर लाइट गेल्याक्षणी मशीन बंद होऊ शकते आणि मग घरचे पुन्हा ओव्हरक्लॉकलाच बोल लावतील. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर सगळ्यात आधी इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग करून घ्या.

ग्राफिक्स कार्डचं तुम्ही विचारलं नाही, उरलेले पैसे त्यातच जाणार आहेत, मॉनिटर 1080पी असेल तर आरएक्स 6600 च्या दर्जाचं कार्ड पुरतं. भाच्याची मशीन आजही त्याच सेटिंगवर चालतेय. भाऊजी म्हणतात बघू किती दिवस चालते.