मलेशिया आणि सिंगापूर शेजारी असूनही संस्कृती आणि अर्थव्यवस्थेत इतके वेगळे कसे?

संस्कृतीत फार वेगळे नाहीतच. दोघांकडे मलय, चिनी आणि तमिळ वस्ती. नासी लेमाक नि लाक्सा हे पदार्थ नेमके कोणाचे, यावरून भांडणंही घरच्यासारखी. सिंगापूरचं राष्ट्रगीत आजही मलय भाषेतच आहे. फरक प्रमाणाचा: मलेशियात मलय बहुसंख्य, सिंगापुरात चिनी.

खरी फाटाफूट झाली ती 9 ऑगस्ट 1965 ला. सिंगापूर मलेशियातून बाहेर पडलं, तेव्हा त्याच्याकडे बंदर सोडून फारसं काही नव्हतं. ना तेल, ना शेती, पिण्याचं पाणीसुद्धा मलेशियाच्या जोहोर राज्यातून. (1962 चा तो पाणीकरार 2061 पर्यंत आहे आणि अधूनमधून त्यावरून कुरबुर चालते.) मग परदेशी कंपन्या, बँका, तेलशुद्धीकरण, इंग्रजी भाषा यांवर सगळी भिस्त. मलेशियाकडे पामतेल, रबर, खनिज तेल, वायू होता. शिवाय 1969 च्या मलय-चिनी दंगलींनंतर 1971 पासून भूमिपुत्रांना (म्हणजे मुख्यतः मलय लोकांना) शिक्षण आणि उद्योगात झुकतं माप देणारं धोरण आलं. त्यातून मलय मध्यमवर्ग उभा राहिला, पण बरीच शिकलेली चिनी-भारतीय मुलं देश सोडून गेली, कित्येक तर सिंगापुरातच.

चलन पाहा. 1973 पर्यंत दोन्हींचा भाव एकास एक होता. आज एका सिंगापूर डॉलरला तीनहून जास्त मलेशियन रिंगिट मिळतात. म्हणूनच जोहोरचे लोक पहाटे पूल ओलांडून कामाला येतात, आणि सिंगापूरकर शनिवार-रविवारी तिकडे पेट्रोल, किराणा भरायला.

राहायला विचाराल तर माझं मत क्वालालंपूरला, पगाराला सिंगापूर.