साबण करण्याआधी दही लाव

तुझा मेसेज वाचला. साबण, दही, लसणाचं तेल, फरशी पुसायचं लिक्विड, वर क्रीमसुद्धा, सगळं घरीच करायचं म्हणतेस, वाचून खूप बरं वाटलं गं. पण एकदम सगळं काढून बसू नकोस. दह्यापासून सुरू कर, बिघडलं तर थोडं दूध जाईल, बाकी काही नाही.

दूध नुसतं कोमट करून विरजण लावलं तरी दही लागतं, पण पातळ लागतं आणि पाणी सुटतं, तेच दूध आधी ८५ अंशांपर्यंत तापवून काही मिनिटं तसंच ठेवलं की त्यातल्या प्रोटीनची घडी उलगडते आणि दही घट्ट बसतं. मग ४३-४५ अंशांवर आलं की विरजण घालायचं, त्याहून बरंच गरम असेल तर विरजणातले जिवाणू मरतात, गार असेल तर सुस्त पडतात. बोट बुडवून अंदाज नको, थर्मामीटर घे. हे असं का होतं ते एकदा समजलं ना, की रेसिपी पाठ करायची गरजच उरत नाही, आणि मला तुला हेच सांगायचंय.

साबणाला वजनकाटा पाहिजेच, कपाने मोजून साबण होत नाही. १०० ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण १८ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, ऑलिव्ह ऑइलला साडेतेराच्या आसपास, त्यामुळे खोबरेल संपलं म्हणून ऑलिव्ह ओतलं आणि सोडा तेवढाच ठेवला तर उरलेला सोडा कातडी जाळतो. म्हणून तेल बदललं की हिशोब परत करायचा, आणि सोडा हिशोबापेक्षा ५ टक्के कमीच घ्यायचा. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. गॉगल, ग्लोव्हज घाल, खिडकी उघडी ठेव, आणि अॅल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, सोडा ते खातो आणि हायड्रोजन सुटतो. तेल आणि सोड्याचं पाणी एकत्र ढवळताना चमच्यावरून पडलेली धार क्षणभर वर तशीच दिसायला लागली की साच्यात ओत. मग चार ते सहा आठवडे वाळू दे, कितीही मोह झाला तरी.

क्लीनरचं थोडक्यात सांगते. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र केला की फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं जवळपास नुसतं पाणी, म्हणून वेगवेगळे वापर. ब्लीचमध्ये मात्र व्हिनेगर किंवा अमोनिया काहीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो, यात गंमत करून बघायची नाही.

लसणाच्या तेलाची मला जास्त काळजी वाटते कारण ते निरुपद्रवी दिसतं. तेलात बुडालेल्या लसणाला हवा मिळत नाही, आंबटपणाही नसतो, आणि बोट्युलिझमच्या (जीवघेण्या विषबाधेच्या) जंतूला तेवढंच हवं असतं, वास किंवा चव बदलेलच असं नाही. थोडंच कर, फ्रिजमध्ये ठेव, चार दिवसांत संपव.

पाणी असलेलं क्रीम प्रिझर्व्हेटिव्हशिवाय टिकत नाही, ते सध्या राहू दे. सनस्क्रीन तर घरी करूच नकोस, ते किती संरक्षण देतंय हे घरी तपासता येत नाही.

या आठवड्यात दोनदा दही लाव, एकदा दूध नीट तापवून आणि एकदा न तापवता (विकतचं पाश्चराइज्ड दूध घे, कच्चं नको), तापमान आणि वेळ वहीत लिही आणि दोन्ही वाट्यांचे फोटो पाठव. साबणाचं गणित आपण सोबत बसून करू, तोवर कॉस्टिक सोडा घरात आणू नकोस.