कपातीचा रकाना

प्रिय पोरा,

कतारला जावं की इथंच नोकरी करावी हे विचारायला रविवारी तू वही घेऊन आलास आणि चहा निवेपर्यंत नुसती पानं उलटत बसलास. ती वही अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. डावीकडं देश, उजवीकडं गुणाकार. जर्मनीत २०२६ च्या जानेवारीपासून तासाला किमान १३.९० युरो, गुणिले शंभर. अमेरिकेत ७.२५ डॉलर. कतारला महिन्याला १,००० रियाल. सगळ्यात खाली आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यातला तुझा पगार. त्याला कशानं गुणायचं हे न सुचल्यामुळं नुसता लाल पेनानं गोल.

गणपतीला जमलेल्या भावंडांनी तुझं डोकं फिरवलं, हे कळलं मला. स्टुटगार्टवाला म्हणाला निम्मा पगार सरकार खातंय. न्यू जर्सीवाली दात दुखला तर भारतात यायची वाट बघते. लंडनवाला म्हणतो दवाखाना फुकट, पण नंबर लागेल तेव्हा खरा. दोहावाला खूश, कारण तिकडं टॅक्स नाही. आणि तू मला विचारतोस, "काका, खरं कोण बोलालंय?"

सगळेच खरं बोलालेत की. प्रत्येकानं आपल्या पगारपत्रकाची सोयीची तेवढी बाजू वाचून दाखवली. मी सव्वीस वर्षं दुसऱ्यांची पगारपत्रकं लिहिली. मला एकच गोष्ट कळते, तीच सांगतो, आणि कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. कपातीचा रकाना वाच.

जर्मनीचंच घे. तिकडं आजारविम्याला पगाराच्या १४.६ टक्के जातात, वर थोडा जादा हप्ता. त्यातलं निम्मं मालकाचं. पेन्शन, बेकारी, म्हातारपणीची शुश्रूषा, सगळ्याची कपात वेगळी. म्हणून तो रडतो. पण तो आजारी पडला तर पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो, हे त्यानं मोदक खाताना सांगितलं का? नाही सांगितलं. ही विम्याची पद्धत १८८३ पासूनची आहे, बिस्मार्कच्या काळातली. बिस्मार्क काही कामगारांचा कैवारी नव्हता. समाजवाद्यांच्या मागं जाणारी माणसं आपल्याकडं ओढायला त्यानं हे केलं. मला त्याचं काही वाटत नाही. हेतू कसला का असेना, रकाना तर तयार झाला.

अमेरिकेतला तो ७.२५ केंद्राचा दर २००९ च्या जुलैपासून हललेला नाही. पुष्कळ राज्यांत दर जास्त आहे, आणि टिपवर जगणाऱ्या वेटरचा केंद्राचा दर तर १९९१ पासून २.१३ डॉलर. पण आकडा सोड. तिकडं बहुतेकांचा विमा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी सुटली की दुसरा विमा शोधत बसायचं, आणि विमा असला तरी बऱ्याचदा सुरुवातीचे हजार-दोन हजार डॉलर आपल्याच खिशातले. इंग्लंडात १९४८ च्या ५ जुलैपासून दवाखान्यात बिल येत नाही. ते करातून भरलं जातं, आणि तुझ्यासारख्यानं व्हिसा काढताना वर्षाला १,०३५ पौंड वेगळे मोजायचे असतात. फुकट म्हणणाऱ्याला हे पण विचार.

तू म्हणशील, काका कधी कागलच्या पुढं गेले नाहीत आणि देश मोजायला बसलेत. अरे, आपण सीमाभागातली माणसं. दोन सरकारांची तुलना आपल्याला आईच्या दुधातून आलेली आहे. माझ्या दोन बहिणी. एक निपाणीत, एक चंदगडात. निपाणीवालीला गृहलक्ष्मीचे २,०००, चंदगडवालीला लाडक्या बहिणीचे १,५००. एक कर्नाटकाच्या बसमधून फुकट फिरते, दुसरी एसटीत अर्ध्या तिकिटावर. दिवाळीला दोघी समोरासमोर आल्या की कुणाचं सरकार बरं यावरून अशा भांडतात की बघत राहावं. तिसऱ्या दिवशी दोघी मिळून मला विचारतात, दादा, गॅसचं काय रे झालं?

आणि आमच्यासारख्यांची गंमत तर वेगळीच. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये कर्नाटकातल्या ८६५ सीमाभागातल्या गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकानं हरकत घेतली. तुझा बाप तेव्हा माझ्या ओट्यावर बसून दोन तास बोलला. मी त्याला एकच विचारलं, तुझ्या घरात कोण आजारी पडलं तर कुठलं कार्ड घेऊन कुठं जायचं, माहीत आहे का? नव्हतं माहीत. राग येऊ देऊ नको. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात मी वीस वर्षांचा होतो, लाठ्या खाल्ल्यात. १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या राज्योत्सवाच्या दिवशी, अजून काळी फीत लावतो. २००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, निकाल बघायला मिळावा एवढीच इच्छा. पण घोषणा देताना घसा ताणायचा आणि आपल्याच पगाराचा कागद घडी करून खिशात कोंबायचा, हे मला आता सहन होत नाही. कारण मी तेच केलं.

ते सांगायला म्हणूनच हे पत्र लिहायला घेतलं असावं.

२००२ साली मी इथल्याच एका फाउंड्रीत टाइमकीपर होतो. ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, त्याची पगाराची मर्यादा तेव्हा ६,५०० रुपये. माझा पगार ६,३००, म्हणजे १.७५ टक्क्यानं महिन्याला एकशे दहा रुपये जायचे. मला ते टोचायचे. घरच्यांचा फोटो चिकटवलेलं ते ओळखपत्र घेऊन रांगेत उभं राहायचं, तेही टोचायचं. मालकाच्या मागं लागून सुपरवायझरच्या ग्रेडात गेलो, पगार ६,७०० झाला, कपात बंद. कॅन्टीनमध्ये मी सगळ्यांना कुंदा वाटला. होय, कुंदा. एकशे दहा रुपये वाचले म्हणून दोनशेचा.

फेटलिंगला एक पोरगा होता, खानापूरकडचा, तुझ्यापेक्षा लहान. कास्टिंगच्या कडा ग्राइंडरवर घासायचं काम. कंत्राटदाराकडचा. त्यानं मला विचारलं, "साहेब, माझं नाव पक्क्या मस्टरवर, म्हणजे सरकारी हजेरीपटावर घेताय काय? कपात होऊ दे." मी त्याला काय सांगितलं असेल? "कपात कशाला मागतोस लेका, हातात जास्त येतंय ते बघ." त्याचं नाव कच्च्या मस्टरवरच राहिलं. लिहिणारा हात माझाच होता. पुढच्या उन्हाळ्यात लोखंडाची कीस उडाली आणि त्याचा उजवा डोळा गेला. पक्क्या मस्टरवर असता तर कामावरच्या दुखापतीची भरपाई म्हणून दरमहा रक्कम मिळाली असती, आयुष्यभर. कंत्राटदारानं त्याला पाकिटात काहीतरी घालून दिलं आणि कोऱ्या कागदावर अंगठा घेतला. सही येत होती त्याला. अंगठा घेतला.

आता तू म्हणशील, एकटे तुम्ही काय करणार होता? मीही तेच म्हणतो. उद्यमबागेत तेव्हा निम्म्या ठिकाणी कच्चं मस्टर चालायचं. नाव चढवलं असतं तर माझीच नोकरी गेली असती, घरात दोन पोरं. हे सगळं खरं आहे. त्याच पावसाळ्यात तुझ्या काकूचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, आत पू झाला, सतरा दिवस दवाखान्यात, आणि ईएसआय सुटलेलं म्हणून कंग्राळीचा प्लॉट विकला. मला शिक्षा झाली म्हण. पण प्लॉट गेला म्हणून त्याचा डोळा आला नाही.

म्हणून तुझ्या वहीवर मी चिडलो. तुझ्या हुशारीवर नाही.

आता कतारच्या ऑफरचं. एजंट म्हणतो कपात नाही. बरोबर, नाही. म्हणजे म्हातारपणाचं बरंचसं तुझं तू बघायचं. तिकडचा किमान बेसिक २०२१ पासून १,००० रियाल, आणि मालकानं राहायची-जेवायची सोय केली नाही तर ५०० आणि ३०० वेगळे. तुझ्या कागदावर बेसिक १,००० आणि भत्ते १,४०० आहेत. नोकरी सोडताना मिळणारी रक्कम वर्षाला किमान तीन आठवड्यांच्या बेसिकवर मोजतात. बेसिकवर, २,४०० वर नाही. आणि एजंट नव्वद हजार मागतोय ना? कायद्यानं त्याला ३०,००० आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. त्याचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर बघ. तो तुला काय म्हणेल ते मला ठाऊक आहे, "असं कुणी बघत नाही."

जाऊ नको असं मी म्हणत नाही. मला १९९४ ला मस्कतची संधी आली होती. आई आजारी होती म्हणून गेलो नाही, असं सगळ्यांना सांगतो. आई थोडी आजारी होती. मी जास्त घाबरलो होतो.

इथल्या नोकरीचा कागदही नीट वाच. तुझे १२ टक्के पीएफला कापतात, तेवढेच मालकानं भरायचे असतात. ईएसआयला आता तुझे ०.७५ आणि मालकाचे ३.२५, मर्यादा २१,०००. कापले म्हणजे भरले असं नसतं. यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा नंबर टाकून पासबुक उघड आणि महिना महिना जुळव. दोन महिने कोरे दिसले तर एचआरच्या पोरीला गोड बोलून विचार, तिसरा कोरा दिसला तर लेखी विचार. लेखी म्हटलं मी, व्हॉट्सअॅपवर नाही.

येत्या रविवारी ये. कतारची आणि इथली, दोन्ही ऑफरची सगळी पानं झेरॉक्स करून आण. मागच्या वेळी पहिलंच पान आणलं होतंस, त्यावर नुसता कंपनीचा शिक्का आणि अभिनंदन. वही आणलीस तरी चालेल, पण गुणाकार पुरे.

तिसऱ्या रेल्वे गेटजवळून येशील, तर तिथं एक चहाची गाडी लागते. आलं घालून चांगला करतो. उजव्या बाजूनं हाक मारलीस तर त्याला लगेच दिसणार नाही, डावीकडून जा. चहा घे, पण मी पाठवलं म्हणून सांगू नको. माझ्याकडून तो पैसे घेत नाही.

तुझा,
काका