एम.ए.च्या मुलांना इंग्रजी काय शिकवायचं?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक, सांगोला तालुक्यात राहतो. मुलगी इंग्रजी घेऊन एम.ए. झाली. दोन वर्षं तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आहे. सेट, म्हणजे प्राध्यापकीची राज्य पात्रता परीक्षा, एकदा थोडक्यात हुकली. आता पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठातून तिला मुलाखतीला बोलावलं आहे. तिथे सार्वजनिक धोरण, म्हणजे पब्लिक पॉलिसी शिकणाऱ्या एम.ए.च्या मुलांना ‘अकॅडेमिक इंग्लिश’ शिकवायचं आहे म्हणे. एम.ए.पर्यंत पोचलेल्या मुलांना इंग्रजी काय शिकवायचं? त्यात आता एआय सगळं लिहून देतं. हे काम टिकेल का, की तिने सेट-नेटच्याच मागे राहावं?
– एक पालक

उत्तर :

नमस्कार गुरुजी,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यावरून देते. पॉलिसीच्या पहिल्या सत्रातला मुलगा साधारण असं लिहितो : ‘रोजगार हमीमुळे गावातलं स्थलांतर थांबलं.’ इंग्रजीत लिहिलेलं असतं, स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर. तुम्ही वही तपासली असती तर बरोबरची खूण करून पुढे गेला असता. धोरणाच्या वर्गात मात्र हे वाक्य पास होत नाही. कोणती रोजगार हमी, १९७७ च्या महाराष्ट्राच्या कायद्यातली की २००५ च्या केंद्राच्या कायद्यातली? किती गावं? स्थलांतर थांबलं की कमी झालं? आणि ते योजनेमुळेच कशावरून?

शिकवणारी बाई त्या मुलाला शेजारी बसवून हे एकेक विचारते. मुलगा आधी वैतागतो, मग आठवून आठवून सांगू लागतो. तासाभराने वाक्य असं होतं : ‘मी ज्या तीन गावांत फिरलो, तिथे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आधीपेक्षा कमी झाल्याचं लोकांनी सांगितलं. रोजगार हमीच्या कामांचा त्यात वाटा असावा. मात्र त्या वर्षी पाऊसही बरा झाला होता.’ इंग्रजीत ‘स्टॉप्ड’ जाऊन ‘मे हॅव कॉन्ट्रिब्यूटेड टु’ आलं, एवढाच शब्दांचा फरक. पण पहिलं वाक्य वाचून कुठल्याही अधिकाऱ्याला काही ठरवता येत नाही. दुसरं वाचून निदान पुढे काय तपासायचं ते कळतं.

तुमची मुलगी दिवसभर हेच करणार आहे. याला व्याकरणाचा तास म्हणता येत नाही.

गंमत अशी की बेताने बोलणं आपल्या मुलांना मराठीत उत्तम येतं. ‘पाऊस येईलसं दिसतंय’, ‘गेला असावा’, ‘म्हणतात बुवा तसं’. आपण पाहिलेलं, अंदाजाने म्हटलेलं आणि ऐकलेलं यांत घरातली आजीसुद्धा फरक करते. इंग्रजीत शिरलं की हे सगळं गळून पडतं, कारण शाळेत आपण त्यांना निबंधाचं इंग्रजी शिकवलं. ‘इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड’ने सुरुवात, प्रत्येक गोष्ट ‘व्हेरी इम्पॉर्टंट’, शेवटी सुविचार. (माझ्या स्वतःच्या जुन्या वह्यांत हे सगळं आहे, त्यामुळे तुम्हाला एकट्याला बोल लावत नाही.) ही सवय मोडायला सहा महिने जातात.

संदर्भ देण्याचंही तसंच. मुलांना वाटतं, हे कुणीतरी परदेशातून आणलेलं लोढणं आहे. तुम्ही नोकरीत शेकडो जीआर वाचले असतील. शासन निर्णयाच्या माथ्यावर ‘वाचा’ असं लिहून खाली आधीचे निर्णय क्रमांक आणि तारखेसह दिलेले असतात, मग प्रस्तावना, मग निर्णय. ते ‘वाचा’ म्हणजे संदर्भसूचीच की! मी आज जे म्हणतोय ते कोणत्या कागदाच्या आधाराने, हे आधी सांगायचं. मराठी माध्यमातल्या मुलांपुढे एखादा जीआर ठेवून इथून सुरुवात केली, तर तळटिपांची भीती पहिल्याच तासाला निम्मी होते. इंग्रजी शाळेतून आलेल्या शिक्षकाला हे सुचायला वेळ लागेल, तुमच्या मुलीला लागणार नाही.

दुसरं उदाहरण तुम्हाला आवडेल. १८८२ साली महात्मा फुले यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाला इंग्रजीत निवेदन दिलं. ते धोरणाच्या वर्गात शिकवावं असं आहे. आपला अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे, हे ते सुरुवातीलाच सांगून टाकतात. म्हणजे दाव्याची हद्द आखून घेतली. मग मुद्दा येतो : सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो बहुतांशी रयतेच्या घामातून, आणि शिक्षणावरचा खर्च झुकतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे. त्यानंतर नेमकी मागणी : प्राथमिक शिक्षण एका ठरावीक वयापर्यंत, निदान बाराव्या वर्षापर्यंत, सक्तीचं करा. ‘शिक्षणाकडे लक्ष द्यावे’ अशी मोघम विनंती करून ते थांबत नाहीत. कोणी करायचं, काय करायचं, कुठवर करायचं, हे त्यात आहे. हल्ली ‘पॉलिसी मेमो’ म्हणून एक-दोन पानी टिपण लिहायला शिकवतात, त्यात हेच लागतं. फक्त तिथे शिफारस पहिल्याच परिच्छेदात द्यायची असते, कारण वाचणाऱ्या सचिवाकडे पाच मिनिटं असतात. निष्कर्ष शेवटी राखून ठेवायची सवय लागलेल्या मुलांना हे उलटं लिहिणं फार जड जातं.

बाकी कामात वाचन येतं, तक्ते येतात. चाळीस पानी अहवाल पहिल्या ओळीपासून वाचायचा नसतो. आधी सारांश, मग निष्कर्ष, मग तक्ते, हे कुणीतरी हाताला धरून दाखवावं लागतं. एखादं प्रमाण ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेलं, तर वाढ १० टक्के लिहायची की २५? दोन आकड्यांतला फरक दहा ‘पर्सेंटेज पॉइंट’, आणि मूळच्या ४० च्या मानाने वाढ पंचवीस टक्के, दोन्ही बरोबर. पण शब्द चुकला की अर्थ चुकला, आणि हा गोंधळ छापील बातम्यांतही दिसतो. तुमच्या मुलीला इथे थोडी आकडेवारी शिकावी लागेल. साहित्याच्या एम.ए.ला ती नव्हती, त्यामुळे आधीच सांगून ठेवते.

आता एआय. यंत्र सफाईदार वाक्यं लिहितं, यात वाद नाही. पण ‘मी ज्या तीन गावांत फिरलो’ हे त्याला ठाऊक नसतं, आणि कधी कधी ते अस्तित्वात नसलेले लेखसुद्धा संदर्भ म्हणून बिनदिक्कत देतं. सफाईदार खोटं ओळखणं हे या शिक्षकाचं नवं काम झालं आहे. शिवाय उचलेगिरीचा प्रश्न आधीपासून आहेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत प्रबंधाचं इतरांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, त्यापुढे पायऱ्यापायऱ्यांनी वाढत जाते. माझ्या पाहण्यात, उचलेगिरी करणारी बरीच मुलं लबाड नसतात. आपलं इंग्रजी वाईट दिसेल या धास्तीने ती अहवालातली वाक्यं जशीच्या तशी उतरवतात. त्यांना शिक्षेआधी शेजारी बसणारं कुणीतरी हवं असतं.

टिकेल का, हा तुमचा खरा प्रश्न. पब्लिक पॉलिसीचे अभ्यासक्रम गेल्या दहा-पंधरा वर्षांत वाढले आहेत. बंगळुरूचं नॅशनल लॉ स्कूल, अझीम प्रेमजी विद्यापीठ, आयआयटी मुंबई, टाटा समाजविज्ञान संस्था (टिस), शिवाय अनेक खासगी विद्यापीठं. काही ठिकाणी, उदाहरणार्थ अशोका विद्यापीठात, लेखनासाठी वेगळं केंद्रच आहे. तेव्हा काम आहे. पण गुरुजी, गोड बोलून फसवणार नाही : अशा बऱ्याच जागा कंत्राटी असतात. कुठे ‘इन्स्ट्रक्टर’, कुठे ‘ट्यूटर’ म्हणून घेतात, आणि मग ती व्यक्ती विभागाच्या बैठकीत कोपऱ्यात बसते. त्यामुळे मुलाखतीत तिने तीन गोष्टी विचाराव्यात. पदनाम आणि कराराची मुदत काय? या विषयाला श्रेयांक (क्रेडिट) आहेत, की ‘हवं तर या’ असा तास आहे? आणि ती धोरणाच्या प्राध्यापकांबरोबर त्यांच्याच असाइनमेंटवर काम करणार, की वेगळ्या खोलीत सुटी वाक्यं सुधारत बसणार? शेवटच्याचं उत्तर ‘वेगळ्या खोलीत’ असेल, तर सहा महिन्यांत मुलंही येईनाशी होतील आणि तीही कंटाळेल. पगारावर घासाघीस करण्याआधी हे बघावं.

सेट सोडू नये. हे काम मिळालं तरी पुढची परीक्षा द्यावीच, कारण कायम जागेचं दार मुख्यतः सेट-नेटनेच उघडतं. सोबत हैदराबादच्या इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटीचे इंग्रजी अध्यापनाचे सर्टिफिकेट आणि डिप्लोमा अभ्यासक्रम पाहावेत. साहित्याच्या पदवीत शिकवण्याचं तंत्र येत नाही, ते तिथे मिळेल. तालुक्याच्या कॉलेजातली तासिका मात्र मी सोडायला सांगेन. दोन वर्षं झाली, तिथे आता नवीन काही शिकायला उरलेलं नसणार.

मुलाखतीला जाताना तिने एक कागद न्यावा. तिच्या कॉलेजातल्या कुणा मुलाचा इंग्रजी परिच्छेद त्याला विचारून घ्यावा, नाव झाकावं, आणि आपण तो कसा सुधारून घेऊ ते समासात पेन्सिलीने लिहावं. वाक्य खोडून आपलं लिहू नये, फक्त प्रश्न लिहावेत. पॅनेलवर जाणकार कुणी असेल तर तो कागद हातात घेऊन बोलायला लागेल. नेमणुकीची ऑर्डर आली की करारातली मुदतीची आणि नोटिशीची कलमं मला कळवा, सही करण्याआधी.