केस पेपरच्या खिडकीपर्यंत

प्रिय,

सोमवारपासून तू नवी मुंबईतल्या दिघा, यादवनगर, रबाळे भागातल्या मुलामुलींसोबत लैंगिक आरोग्याचं काम सुरू करशील. प्रशिक्षणात शरीराचे तक्ते दाखवले असतीलच. ते हवेतच, पण मुलं तक्त्यापाशी अडत नाहीत. दवाखाना दहा मिनिटांवर असतो आणि तिथे पोहोचायला त्यांना दोन-दोन महिने लागतात. ते दोन महिने कमी करणं हे तुझं काम, असं मी समजते.

सुरुवातीलाच एक कडक गोष्ट. "मी कुणालाच सांगणार नाही" हे वाक्य तोंडातून काढू नकोस. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलीशी किंवा मुलाशी आलेला शरीरसंबंध हा गुन्हा आहे, दोघांची मर्जी असली तरी. कलम १९ प्रमाणे ज्याला हे कळलं त्याने पोलिसांना कळवायचं असतं. त्यात डॉक्टर आले, शिक्षक आले, तूही आलीस. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मग मुलगी बोलायला बसली की आधीच सांग: "तू सांगशील ते वस्तीत, शाळेत कुठेही जाणार नाही. पण तू अठराच्या आतली असशील आणि असं काही घडलं असेल, तर मला ते कायद्याने कळवावं लागतं. कुणी त्रास देत असेल तर जरूर सांग, मी सोबत येईन." एवढं ऐकून काही जणी गप्प होतील. होऊ देत. विश्वास दिला आणि नंतर मोडला, तर ती मुलगीच नाही, तिच्या गल्लीतल्या सगळ्याच तुझ्याकडे यायच्या बंद होतील. आणि माहिती द्यायला चौकशी लागत नाही, हेही लक्षात ठेव. पाळी चुकली तर काय करायचं, हे गटात सगळ्यांना सांगता येतं, "तुझी चुकली का?" असं विचारावं लागत नाही. कळवायची वेळ आलीच तर एकटीने पोलीस ठाणं गाठू नकोस, समन्वयकाला सोबत घे. पण 'उद्या बघू' असंही करू नकोस.

आता जागा. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी आहे, आणि त्यातल्या समुपदेशन केंद्राला महाराष्ट्रात 'मैत्री क्लिनिक' म्हणतात. मोठी पाटी शोधत बसलीस तर सापडेलच असं नाही. बहुधा ओपीडीच्या एखाद्या खोलीत ते ठरावीक वारी चालतं. मुलांना पाठवायच्या आधी स्वतः जा. वार, वेळ, खोली, समुपदेशक बाई आहेत की पुरुष, खोलीचं दार लागतं की नुसता पडदा आहे, सगळं वहीत टिपून घे. पालिकेची मोठी रुग्णालयं वाशी, ऐरोली आणि नेरुळला आहेत. ठाण्याच्या बाजूला कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. जवळचं नागरी आरोग्य केंद्र सगळ्यांत सोयीचं वाटतं, पण तिथली आशाताई बहुतेक वेळा त्याच चाळीतली असते आणि मुलीला तिची भीती डॉक्टरपेक्षा जास्त. अशा मुलीला दिघा गाव स्टेशनवरून सरळ वाशीला ने. अर्धा दिवस मोडतो, पण पुढच्या वेळी ती स्वतःहून येते.

केस पेपरच्या खिडकीवर खरं कारण सांगायची गरज नाही. "स्त्रीरोग" किंवा "त्वचा विभाग" एवढं पुरतं. मागच्या रांगेत शेजारीण उभी असते, म्हणून हे शब्द मुलीकडून आधी दोनदा बोलवून घे. नाव आणि वय मात्र खरं द्यायचं. खोटं वय लिहिलं तर पुढचे सगळे कागद अडतात. मोबाइल नंबर कुणाचा दिला जातोय तेही बघ. नोंदणीचा मेसेज त्याच नंबरवर जाऊ शकतो, आणि घाबरलेल्या मुलीला पाठ असतो तो बाबांचाच.

पाळी चुकली असेल तर चाचणी वेळेत आणि नीट व्हावी. 'निश्चय' किट आशाताईकडे फुकट मिळतं, मेडिकलमध्येही पट्टी मिळते. सकाळची पहिली लघवी, किटवर लिहिलेत तेवढेच थेंब, आणि पाच मिनिटांनी वाचायचं. अर्ध्या तासाने उमटलेली पुसट रेघ धरू नये. रेघ आली नाही आणि पाळीही नाही, तर आठवड्याने पुन्हा.

खरा घोळ आठवडे मोजताना होतो. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, संबंधाच्या तारखेपासून नाही. शेवटची पाळी ३ ऑगस्टला आली असेल, तर १४ सप्टेंबरला मुलगी म्हणते "दोन आठवडे उशीर झालाय" आणि कागदावर सहा आठवडे लागतात. गोळ्यांनी गर्भपात डॉक्टरांच्या देखरेखीखाली नऊ आठवड्यांपर्यंतच होतो, म्हणून हा चार आठवड्यांचा फरक फार महाग पडतो. मेडिकलवाल्याकडून पाच गोळ्यांचं पाकीट गुपचूप आणलं तर काय होतं? गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असेल तर या गोळ्या लागू पडत नाहीत आणि नळी फुटू शकते. अर्धवट राहिलं तर रक्तस्राव थांबत नाही. सलग दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड भिजत असतील तर वाट बघायची नाही, सरळ रुग्णालय.

गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे, २०२१ ला सुधारला. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, आणि अल्पवयीन मुलींसाठी २० ते २४ आठवड्यांत दोघांचं. १८ पूर्ण असलेल्या मुलीची फक्त स्वतःची सही पुरते. "नवऱ्याला किंवा आईला घेऊन या" असं म्हणणारे भेटतील. शांतपणे "कायद्यात तसं नाही" म्हण आणि वरिष्ठांना भेट. अठराच्या आत पालकाची लेखी संमती लागते, पण त्या कायद्यात पालक म्हणजे जिच्या देखभालीत मुलगी आहे ती व्यक्ती. गावाहून शिकायला येऊन मावशीकडे राहणाऱ्या मुलीच्या बाबतीत हे उपयोगी पडतं. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात म्हटलंय की मुलीने आणि पालकाने विनंती केली, तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिची ओळख देण्याची गरज नाही. ही सवलत डॉक्टरपुरती आहे, तुझ्यासाठी नाही. खाजगी दवाखाना असेल तर मान्यतेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलंय का, ते बघून मगच आत जा.

संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची ७२ तासांची गोळी ही वेगळी, आणि ही गल्लत कॉलेजातल्या मुलीसुद्धा करतात. लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिग्रॅ, एकच गोळी, चिठ्ठीशिवाय मिळते. जितकी लवकर घेतली तितकी बरी. दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. आधीच राहिलेला गर्भ या गोळीने पडत नाही. पुढची पाळी आठवड्याहून जास्त लांबली तर चाचणी करायची.

मुलग्यांना विसरू नकोस. त्यांच्यासाठी लोकलच्या डब्यात 'गुप्तरोग' स्टिकरं चिकटवलेली असतात, आणि स्वप्नदोषावर हजारो रुपये उकळले जातात. स्वप्नदोष हा आजार नाही, हे एक वाक्य त्यांना तुझ्या तोंडून ऐकायला मिळू दे. लघवीला जळजळ, पू, फोड असेल तर मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये पाठव. तिथे रंगीत पाकिटातली औषधं फुकट देतात. पाकीट पूर्ण संपवायचं आणि जोडीदारावरही उपचार करायचे, नाहीतर महिन्याभरात तीच तक्रार परत. एचआयव्ही चाचणी आयसीटीसीमध्ये, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, मोफत असते. अठराच्या आत पालकांची संमती मागतात, समुपदेशनाला मात्र ती लागत नाही. माहितीसाठी १०९७ ही एचआयव्हीची हेल्पलाइन.

जबरदस्ती झाली असेल तर आधी उपचार. पोलिसांचं पत्र नाही म्हणून कुठलंही रुग्णालय, खाजगीसुद्धा, परत पाठवू शकत नाही, आणि उपचार मोफत करायचे असतात. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, पुढे २८ दिवस. अंगावरचे कपडे धुऊ देऊ नकोस. कागदी पिशवीत ठेव, प्लास्टिकमध्ये ते कुजतात. १०९८ (मुलांची हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) पाठ कर.

शेवटचं, कागदांचं. एवढं सांभाळून सगळं होतं आणि चौथ्या दिवशी दप्तरात घडी केलेला केस पेपर आईच्या हाती लागतो. तो फाडायला लावू नकोस. पुढच्या वेळी आठवड्यांचा हिशोब त्यावरूनच होतो. मुलीने कागद घरी कुठे ठेवायचा, हे दवाखान्यातून निघायच्या आधीच तिच्याशी ठरव. घरी जागाच नसेल, तर मैत्री क्लिनिकच्या समुपदेशकाकडे ठेवता येईल का ते विचार, आणि नोंदणी क्रमांक तेवढा मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्यायला सांग.

तुझी,
ताई