पर्चचा मोसम, हंगाम की ऋतू?

इंग्लंडमध्ये राहणारे एक वाचक तेथील नद्यांवर गळ टाकू इच्छिणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक माहितीपत्रक तयार करीत आहेत. त्यात त्यांनी ‘पर्चचा मोसम १६ जूनला सुरू होतो’ असे वाक्य लिहिले असून, येथे ‘मोसम’ योग्य की ‘हंगाम’ की ‘ऋतू’, तसेच पर्च या माशाला मराठी नाव कोणते द्यावे, असे ते विचारतात.

‘ऋतू’ हा शब्द प्रथमच बाजूला ठेवता येईल. ऋतू निसर्गाचा असतो, तो साऱ्या सृष्टीला एकदमच लागू होतो. एखाद्या फळाचा, पिकाचा किंवा माशाचा स्वतंत्र ऋतू आपण मानत नाही. ‘मोसम’ मात्र आंब्याचा असतो, जांभळांचा असतो, आणि म्हणून माशाचाही असायला व्याकरणाची हरकत नाही. हा शब्द अरबी ‘मौसिम’वरून आला. त्याच्या मूळ धातूचा अर्थ खूण करणे असा आहे, त्यामुळे मौसिम म्हणजे खूण करून ठरवलेली वेळ, मग ती यात्रेची असो वा गलबते हाकारण्याची. हाच शब्द पोर्तुगिजांच्या तोंडून इंग्रजीत जाऊन ‘मॉन्सून’ झाला. अडचण येथेच आहे. मोसमी वारे, बेमोसमी पाऊस अशा प्रयोगांमुळे मराठी कानाला ‘मोसम’ आणि ‘जून’ हे शब्द शेजारी आले की पावसाखेरीज दुसरे काही ऐकू येत नाही. थेम्सकाठच्या माणसासाठी लिहिलेल्या वाक्यात कोकणचा पाऊस शिरू द्यायचे कारण नाही.

उरला ‘हंगाम’. फारसीत त्याचा अर्थ नुसता ‘वेळ’ एवढाच होता. मराठीने मात्र त्याला कामाशी जोडले. पेरणीचा हंगाम, उसाचा गाळप हंगाम, पक्ष्यांचा विणीचा हंगाम या साऱ्यांत त्या काळात काहीतरी केले जाते किंवा घडून येते, अशी छटा आहे. गळ टाकणे हेही कामच असल्याने (घरच्यांचे मत काहीही असो) ‘पर्चचा हंगाम’ हा प्रयोग सरळ आणि स्वाभाविक ठरतो. फक्त विशेषण करताना जपावे, कारण ‘हंगामी’ म्हटले की हंगामी कामगार, हंगामी अध्यक्ष यांच्याप्रमाणे ‘तात्पुरता’ हा अर्थ पुढे येतो, आणि ‘हंगामी पर्च’ म्हणजे काय हे कोणालाच कळणार नाही.

परंतु एका शब्दाच्या जागी दुसरा बसवल्याने हे वाक्य सुधारत नाही, कारण त्यातली खरी चूक माहितीची आहे. इंग्रजीतील ‘सीझन’ हा एकच शब्द दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो: कायद्याने मासे पकडण्याची मुभा असलेला काळ आणि मासा सर्वांत चांगला मिळण्याचा काळ. प्रश्नकर्त्यांनी पहिल्या अर्थाची तारीख घेतली आहे, वाचक मात्र ती दुसऱ्या अर्थाने वाचणार. इंग्लंड आणि वेल्समधील नद्यांवर पर्च, रोच, पाइक यांसारख्या माशांसाठी १५ मार्च ते १५ जून बंदी असते. शेफील्डचे खासदार मुंडेला यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १८७८ च्या कायद्याने ती आणली आणि माशांना निर्धास्तपणे अंडी घालता यावीत हा तिचा हेतू होता. म्हणजे १६ जून ही बंदी उठण्याची तारीख आहे. त्या दिवशी पर्च गळाला लागायला आतुर होतो, असा तिचा अर्थ नाही.

वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे. जूनमध्ये नदीत पाणवनस्पती माजलेल्या असतात, त्या साली जन्मलेली माशांची पिल्ले जिकडेतिकडे विखुरलेली असतात आणि त्यांच्या मागावर असलेला पर्चही तसाच विखुरतो. लहान पर्च तेव्हाही मिळतात, मोठा मात्र हुडकावा लागतो. ऑक्टोबर सरत आला की चित्र पालटते. पाणवनस्पती कुजून बसतात, पिल्लांचा आडोसा जातो आणि ती प्रवाह मंद असेल तेथे गोळा होतात: बांधून ठेवलेल्या होड्यांखाली, पुलाच्या खांबाआड, पाण्यात पडलेल्या झाडाच्या फांद्यांत. पर्च त्यांच्या पाठोपाठ येतो. मळभ असलेल्या दिवशी, सकाळच्या किंवा तिन्हीसांजेच्या मंद उजेडात, अशा होडीच्या कडेला एकाएकी पाणी फुटते, बोटाएवढी चंदेरी पिल्ले मूठभर दाणे फेकावेत तशी उधळतात आणि पुन्हा सारे शांत होते. अशी उधळण दिसली की तेथेच गळ टाकावा. आमिष जाडसर गांडुळाचे किंवा कोलंबीचे असावे. पर्च डोळ्यांनी शिकार करणारा मासा असल्यामुळे पुराच्या गढूळ पाण्यात बसून फारसा उपयोग होत नाही. पूर ओसरून पाणी निवळू लागण्याची वाट पाहणे बरे.

हा काळ मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत चालतो. त्यातही फेब्रुवारीच्या अखेरीस माद्यांच्या पोटात गाभोळी भरलेली असते, म्हणून वर्षातले सर्वांत वजनदार पर्च बहुधा तेव्हाच मिळतात. त्यानंतर लगेच बंदी लागते आणि वसंतात मादी अंड्यांची लांबलचक, जाळीदार, बुळबुळीत फीत बुडलेल्या फांद्यांवर व पाणवनस्पतींवर गुंडाळते. हे सारे इंग्लंडच्या नद्यांबाबत झाले. फिनलंडमध्ये, जेथे पर्च हा राष्ट्रीय मासा आहे, गोठलेल्या तळ्याच्या बर्फाला भोक पाडून त्यातून तो धरतात, आणि तेथले वेळापत्रक बर्फाच्या जाडीवर ठरते.

या दोन काळांसाठी मराठीत दोन वेगळे प्रयोग तयारच आहेत. बंदीची भाषा आपल्या किनाऱ्यावर रुळलेली आहे. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी पावसाळी बंदी असते, आणि ‘बंदी लागली’, ‘बंदी उठली’ हे शब्द मासळीबाजारात कोणालाही कळतात. उत्तम काळासाठी ‘ऐन’ हा शब्द वापरावा. अरबीत ‘ऐन’ म्हणजे डोळा, आणि त्यावरून वस्तूचे सार, नेमका गाभा. मराठीत ऐन वेळी, ऐन तारुण्यात, ऐन पावसाळ्यात असे आपण सहज म्हणतो. ‘मासे पकडण्यासाठी वर्षातील सर्वोत्तम काळ’ अशी पाच शब्दांची रांग लावण्यापेक्षा ‘ऐन हंगाम’ हे दोन शब्द जास्त नेमके आहेत. तेव्हा माहितीपत्रकात असे लिहिता येईल: ‘नद्यांवरील बंदी १६ जूनला उठते, मात्र पर्चचा ऐन हंगाम ऑक्टोबरअखेरपासून १४ मार्चपर्यंत असतो.’ बहुतेक बंदिस्त तळ्यांना आणि कालव्यांना ही बंदी लागू नाही, तेथे मालकाचा किंवा मंडळाचा नियम पाहावा, एवढे एक वाक्य त्याला जोडावे.

नावाबाबत माझे मत स्पष्ट आहे: ‘पर्च’च ठेवावे. काही इंग्रजी पुस्तके आपल्या जिताड्याला ‘राक्षसी समुद्री पर्च’ अशा अर्थाचे नाव देतात, आणि आपल्याकडच्या मासळीच्या आकडेवारीत ‘पर्च’ या मथळ्याखाली हेकरू, तांबोशी, राणी मासा असे नाना जातींचे मासे एकत्र येतात. म्हणून पर्चला जिताडा म्हणण्याचा मोह होतो. इंग्लंडचा पर्च मात्र अंगाने हिरवट, त्यावर काळे उभे पट्टे, पोटाखालचे पर शेंदरी आणि पाठीवरचा पहिला पर काट्यांनी उभारलेला असा असतो. त्याच्या कल्ल्याच्या झाकणालाही टोकदार काटा असतो, त्यामुळे गळ सोडवताना बोट कापते. जिताडा समजून त्याच्या तुकडीची स्वप्ने पाहणाऱ्याची निराशाच होईल.

‘पर्च’ हा शब्द आपल्याला वाटतो तितका परकाही नाही. तो ग्रीक ‘पेर्के’वरून लॅटिन व फ्रेंचमार्गे आला. त्याच्या जवळचा ग्रीक शब्द ‘पेर्क्नोस’ म्हणजे काळसर ठिपक्यांचा, आणि त्याचा संस्कृतातील भाऊबंद ‘पृश्नि’, म्हणजे ठिपकेदार, चित्रविचित्र. दशमुळांतील पृश्निपर्णी, म्हणजे आपली पिठवण, हिच्या नावात तोच शब्द आहे. पक्षी ज्यावर बसतो त्या दांडीचे इंग्रजी नाव उच्चाराने तेच असले, तरी ते लॅटिनमधील काठीच्या शब्दापासून निघाले आहे. त्याचा या माशाशी संबंध नाही, आणि यंत्राकडून भाषांतर करून घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

जाता जाता आणखी एक दुरुस्ती सुचवतो. माहितीपत्रकाचे नाव ‘पर्चची मासेमारी’ असे योजले असल्याचे प्रश्नकर्ते कळवतात. मासेमारी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे होड्या, जाळी आणि लिलाव येतो. तेथे तर हौसेने काठावर बसून मासा धरायचा आणि बहुधा पुन्हा पाण्यात सोडायचा असतो. त्यासाठी ‘गळाने पर्च धरणे’ असे साधे नाव पुरेसे आहे.